सकाळचा मारूबिहाग

माझ्या वर्गातल्या एका जाड वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहिलेला आहे. तो माझा नाही. विष्णुपुरीत माझ्याकडे गाणे शिकायला येणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीने तो विचारला होता आणि तेव्हा मी तिच्यावर रागावले होते. ती मुलगी पुन्हा वर्गात आली नाही. प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला. त्याचे उत्तर देण्याची पात्रता माझ्यात जी काही थोडीफार आली, ती डॉ. प्रभा अत्रे यांच्यामुळे आली. त्यांना मी एकदाच आणि लांबून पाहिले. त्यांच्याशी कधी बोलले नाही, त्यांना कधी पत्रही पाठवले नाही. तरी माझ्या आयुष्यावर सर्वांत मोठे ऋण कुणाचे, असे कुणी विचारले तर आई-वडिलांनंतर मी त्यांचेच नाव घेईन. हे ऋण फिटणारे नाही. निदान ते मान्य करावे, म्हणून हे लिहीत आहे.

विष्णुपुरी हे नांदेडजवळचे गोदावरीकाठचे गाव. आज लोक ते धरणामुळे, विद्यापीठामुळे आणि सरकारी दवाखान्यामुळे ओळखतात. माझ्या लहानपणी गावाची ओळख म्हणजे काळेश्वराचे मंदिर आणि नदी. मग उपसा सिंचन प्रकल्पाचे काम आले आणि माझे वडील त्या कामावर लागले. 1981 साली गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि गावात बाहेरची माणसे दिसू लागली. आमच्या घरात मात्र गाणे होते ते सप्ताहाचे. पहाटेचा काकडा, संध्याकाळचा हरिपाठ, रात्रीचे कीर्तन. आई ओवीला ओवी लावत जात्यावर बसायची. पण पेटीला तेव्हा तिचा हात लागत नसे. बायका गायच्या, टाळ वाजवायच्या. पेटी आणि पखवाज पुरुषांकडे असे.

मला पेटी शिकायला मिळाली ती एका म्हाताऱ्या भजनी पेटीवाल्यामुळे. आम्ही त्यांना महाराज म्हणायचो. त्यांचा हात दुखायचा म्हणून मला भाता मारायला बसवायचे. भाता मारता मारता मी त्यांची बोटे पाहायचे. एके दिवशी ते उठून पाणी प्यायला गेले आणि मी त्यांचीच चाल वाजवली. रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, ‘‘वाजव की. थांबायलीस कशाला?’’ माझे पहिले शिक्षण एवढेच.

पुढे मी नांदेडला जाऊन संगीताच्या परीक्षा दिल्या. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत. पाठांतर चांगले असल्यामुळे गुणही चांगले मिळाले. कोणत्याही रागाचे नाव घ्या, मी थाट, वादी, संवादी, आरोह, अवरोह, वर्ज्य स्वर आणि वेळ एका दमात सांगायचे. मारूबिहाग, थाट कल्याण, वादी गंधार, संवादी निषाद, दोन्ही मध्यम, आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य, गानसमय रात्रीचा. हे मला गाणे वाटत होते. दोष परीक्षांचा नव्हता. त्यांनी मला नकाशा दिला होता, मी त्यालाच गाव समजले.

प्रभाताईंचा आवाज मी प्रथम ऐकला तेव्हा वीस वर्षांची होते. नांदेडच्या बाजारातून एका मैत्रिणीच्या भावाने कॅसेट आणली होती. एका बाजूला मारूबिहाग होता आणि त्यांच्या गाण्याचे नाव निघाले की लोक ज्याची आठवण काढतात तो कलावतीही होता. आवाज मला आवडला. इतका स्वच्छ, लोचदार आवाज मी ऐकला नव्हता. पण त्या ख्याल गाताना मध्येच सरगम घेत, ते मला खटकले. सा, रे, ग, म ही तर सुरांची नावे. ती लहान मुलांनी घोकायची. इतकी मोठी गायिका ख्यालात नावे का घेते आहे? तेव्हा काही जाणकार मंडळीही असेच बोलत. मी त्यांचे ऐकलेले माझे मत म्हणून सांगू लागले. आमच्या घोळक्यात सर्वांत जास्त परीक्षा मी दिल्या होत्या, त्यामुळे माझे म्हणणे खरे धरले जाई. ‘‘ख्यालाला सरगमीची गरज नाही,’’ असे मी कितीतरी वेळा ठासून सांगितले आहे. आज ते आठवले की मान खाली जाते. ज्या गोष्टीवर मी पाच मिनिटेही विचार केला नव्हता, त्या गोष्टीवर त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे खर्च केली होती.

लग्न झाले. सासर गावातच होते, त्यामुळे नदी सुटली नाही, गाणे मात्र सुटले. दोन मुले झाली. पेटीवर कापड टाकले ते वर्षानुवर्षे निघाले नाही. याच काळात एकदा आई घरी आली होती. ती त्या कापडाकडे पाहत म्हणाली, ‘‘मला एखादा अभंग शिकवशील का गं यावर? बोट कुठं ठेवायचं तेवढं दाखव.’’ मी हसले. म्हणाले, ‘‘आता या वयात?’’ ती काही बोलली नाही. भाजी निवडत बसली.

नांदेडच्या एका वाचनालयात मला ‘स्वरमयी’ मिळाले. प्रभाताईंचे पुस्तक आहे हे पाहून घेतले, पण मनात जुना आग्रह होताच. म्हटले, बघू या सरगमीबद्दल काय म्हणतात. त्या पुस्तकाने माझा आग्रह मोडला, तोही न भांडता. गाणे कसे घडते, सूर लावताना गाणाऱ्याच्या मनात काय चालते, ऐकणाऱ्याचा त्यात किती वाटा असतो, हे सगळे त्या घरातल्या माणसाशी बोलावे तसे सांगत होत्या. माझ्या परीक्षांच्या पुस्तकांत राग ही तयार वस्तू होती. या पुस्तकात राग घडत होता.

मग मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागले. त्यांचा जन्म पुण्याचा, 13 सप्टेंबर 1932 चा. वडील आबासाहेब आणि आई इंदिराबाई, दोघेही शिक्षक. घरात गाण्याची परंपरा नाही. आई आजारी असायच्या, म्हणून कुणीतरी सुचवले की पेटी शिका, जिवाला बरे वाटेल. शिकवणी लागली. आईंची शिकवणी थोड्याच दिवसांत थांबली, पण शेजारी बसून ऐकणारी आठ वर्षांची मुलगी थांबली नाही.

हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. आजारी बाईने पेटीला हात लावला, म्हणून एवढे सगळे घडले. आणि माझ्या आईने हात पुढे केला तेव्हा मी हसले होते. दुसऱ्या आठवड्यात मी माहेरी गेले, सोबत पेटी नेली. आईला म्हणाले, ‘‘बोट कुठं ठेवायचं ते दाखवते.’’ तिच्या बोटांना कापूस वेचण्याची सवय होती, पट्ट्यांची नव्हती. एका अभंगाच्या धृपदाला तिला पाच महिने लागले. धृपदाच्या पुढे ती गेली नाही, पण तेवढे तिने गावातल्या बायकांसमोर वाजवले. ती गेली त्याला आता बरीच वर्षे झाली. त्या पाच महिन्यांचे श्रेय मी घेऊ शकत नाही. एका पुस्तकाने मला ते करायला लावले.

प्रभाताईंनी विज्ञानाची पदवी घेतली, कायद्याचीही घेतली. हे कळल्यावर मला प्रथम आश्चर्य वाटले, मग हळूहळू त्याचा अर्थ लागला. त्या किराणा घराण्याच्या. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर या भावंडांकडे त्या शिकल्या, म्हणजे थेट अब्दुल करीम खाँसाहेबांच्या घरात. हिराबाई म्हणजे तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. अशा घरची विद्या मिळाल्यावर गुरूंनी दिले तेच म्हणत राहिले असते तरी आयुष्य मानाने गेले असते. पण त्यांच्यातली विज्ञानाची विद्यार्थिनी ‘का’ विचारत राहिली. सुरुवातीला त्या संगीत नाटकांतून गायल्या, आकाशवाणीत नोकरी केली, कथक शिकल्या, पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा दिल्या. पुढे मुंबईच्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख झाल्या. स्वतःच्या बंदिशी बांधल्या. अपूर्व कल्याण, मधुरकंस, पटदीप-मल्हार, तिलंग-भैरव असे नवे राग रचले. पूर्वी बंदिशी दागिन्यांसारख्या जपून ठेवल्या जात, एखाद्या शिष्यालाच मिळत. यांनी आपल्या बंदिशी स्वरलिपीसह ‘स्वरांगिणी’ आणि ‘स्वररंजनी’ या पुस्तकांतून छापून सगळ्यांना दिल्या. विष्णुपुरीसारख्या गावात बसलेल्या माझ्यासारखीला त्या त्यामुळेच मिळाल्या.

आणि सरगम. ज्या सरगमीवर लोक बोलत होते, मीही बोलत होते, त्या सरगमीवर त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या सरगमीचा त्यांच्या मनावर ठसा होता. पण ‘मोठ्या माणसाने केले म्हणून मी करते’ एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. आक्षेप आला तेव्हा त्यांनी अभ्यास केला. परंपरेत सरगम कुठे आहे, ख्यालात तिचे काम काय, शब्दाने जे होत नाही ते तिने कसे होते, हे शोधले, लिहिले आणि गाऊन दाखवले. हे समजल्यावर मी ती जुनी कॅसेट शोधून काढली. एका ठिकाणी फीत गुंडाळली गेली होती. पेन्सिलीने फिरवून सरळ केली आणि पुन्हा ऐकली.

या वेळी मी पेटी घेऊन बसले. त्यांनी सरगमीत ‘ग’ म्हटला की मी ‘ग’ची पट्टी दाबायची, असे ठरवले. पाच-दहा मिनिटांत माझ्या लक्षात आले की माझी पट्टी तोच सूर पुन्हा पुन्हा देते आहे आणि त्यांचा ‘ग’ दर वेळी निराळा येतो आहे. कधी तो मध्यमावरून उतरत यायचा, कधी षड्जातून उगवल्यासारखा, कधी नुसता टेकून निघून जायचा. नाव एकच, पण जाण्यायेण्याच्या वाटा वेगळ्या. मी समजत होते की सरगम म्हणजे सुराला नाव देऊन बांधून टाकणे. त्या नाव घेऊन सुराला मोकळे करत होत्या. 1940 साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती आणि ती 1971 पर्यंत टिकली, हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. कारणही पाठ होते, की पेटीवर मींड निघत नाही, दोन पट्ट्यांच्या मधला सूर मिळत नाही. पण दोन पट्ट्यांच्या मध्ये नेमके काय असते, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आले. पेटीवरचे माझे प्रेम कमी झाले नाही. तिच्याकडून काय मागायचे आणि काय मागायचे नाही, एवढे मात्र कळले.

त्यानंतर मी पुन्हा गाऊ लागले. मुले मोठी झाली होती. प्रकल्पाच्या वसाहतीतल्या, गावातल्या आणि विद्यापीठात नोकरी करणाऱ्यांच्या मुली येऊ लागल्या, तेव्हा घरातल्या पुढच्या खोलीत वर्ग सुरू केला. प्रभाताईंचे नाव मी वर्गात वारंवार घ्यायचे. त्यांची पुस्तके मुलींना दाखवायचे. आपण त्यांच्या वाटेने चाललो आहोत असे मला वाटत होते. आता जे सांगायचे आहे ते याच काळातले आहे, म्हणून ते मला जास्त लागते.

त्या मुलीचे वडील रात्रपाळी करायचे. घर एका खोलीचे. ती वर्गात सर्वांत मागे बसायची, पण गळा सुरेल होता. मी मारूबिहाग सुरू केला होता आणि रियाज रात्री करा म्हणून सांगितले होते. आठवडाभराने ती म्हणाली, ‘‘मॅडम, आमच्या घरी रात्री सगळे झोपलेले असतेत. मी मारूबिहाग सकाळी गाऊ का? सकाळी गायलं तर काय होतं?’’

बाकीच्या मुली माझ्याकडे पाहू लागल्या. मला उत्तर माहीत नव्हते. खरे तर एवढेच म्हणायचे होते की मला माहीत नाही. त्याऐवजी मी आवाज चढवला. ‘‘काय होतं म्हणजे? शास्त्र आहे ते. पुस्तकात वेळ दिलीय ना? मग रात्रीच गायचा. नसेल जमत तर नको गाऊ.’’

ती गप्प बसली. नंतरच्या आठवड्यात आली नाही. मला वाटले, आजारी असेल. त्यापुढच्या आठवड्यातही आली नाही. मी निरोप पाठवायला हवा होता. पाठवला नाही. दोन महिन्यांनी कळले, वडिलांचे कामाचे कंत्राट संपले आणि ते कुटुंब दुसरीकडे गेले. कुठे, ते कुणाला सांगता आले नाही.

काही दिवसांनी प्रभाताईंच्या एका व्याख्यानाची चित्रफीत पाहायला मिळाली. राग आणि वेळ यांविषयी त्या बोलत होत्या. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता, की अमुक राग अमुक वेळीच परिणाम करतो हे शास्त्राने सिद्ध झालेले नाही. ती पिढ्यांची सवय आहे, संस्कार आहे. त्या सवयीला किंमत जरूर आहे, पण तिला शास्त्र म्हणू नये. रागाचा भाव घड्याळातून येत नाही, गाणारा स्वर कसा लावतो त्यातून येतो. हे त्या अगदी शांतपणे सांगत होत्या. परंपरेचा अनादर त्यात कणभरही नव्हता.

मी चित्रफीत थांबवली. त्या मुलीने तेच विचारले होते. तेरा वर्षांची मुलगी, एका खोलीच्या घरातली, तिने अडचणीतून विचारले. प्रभाताईंनी अभ्यासातून विचारले. प्रश्न एकच होता. मी एकीचा फोटो भिंतीवर लावला होता आणि दुसरीला घालवून दिले होते.

मग मी जे आधी करायला हवे होते ते केले, शोधू लागले. कळले की ज्या थाटपद्धतीत आणि वेळेच्या कोष्टकात मी सगळे राग बसवत होते, त्याला आजचे रूप पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला दिले. पसरलेले ज्ञान एका मांडणीत आणण्याचे ते फार मोठे काम होते. पण ती मांडणी होती, निसर्गाचा नियम नव्हता. कळले की दक्षिणेकडच्या कर्नाटक संगीतात वेळेचे बंधन आपल्याइतके पाळत नाहीत. ज्या कलावतीने प्रभाताईंचे नाव घरोघरी नेले, तो रागही मूळचा तिकडचाच. आपल्याकडे आला तेव्हा त्याला वेळ मिळाली. हे सगळे पुस्तकांत होते. मी वाचले नव्हते, कारण परीक्षेत ते कुणी विचारले नव्हते.

त्या महिन्यात मी दोनशे पानांची वही विकत घेतली. पहिल्या पानावर त्या मुलीचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहिला, ‘सकाळी गायलं तर काय होतं?’ खाली जागा सोडली. मुलींना सांगितले, ज्याचे उत्तर मला देता येणार नाही तो प्रश्न या वहीत लिहायचा. आता वही बरीच भरली आहे. पेटीचे सूर आणि तंबोऱ्याचे सूर यांत फरक का लागतो? भैरवी शेवटीच का? बंदिशीत नेहमी सासू-नणंदच का असते? वहीत ‘माहीत नाही, शोधू’ असे मी कितीतरी ठिकाणी लिहिले आहे. पहिल्यांदा लिहिताना हात अडखळला. मुली उठून जातील असे वाटले होते. त्या आणखी जवळ सरकल्या.

डिसेंबर 2022 मध्ये मुलाने मला पुण्याला नेले. लातूरवरून जाणाऱ्या रात्रीच्या गाडीने गेलो. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचा शेवटचा दिवस होता. समारोप प्रभाताईंच्या गाण्याने व्हायचा होता. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले होते. पद्मश्री 1990 ची, पद्मभूषण 2002 चे. वय नव्वद. मंडपात आम्ही फार मागे बसलो होतो, मंचावरची आकृती लहान दिसत होती. हाताला धरून त्यांना आणले गेले. त्या बसल्या, स्वरमंडळ जवळ घेतले आणि सूर लावला.

आवाजाला वय झाले होते. वरच्या सुराला जाताना तो थोडा थांबायचा, श्वास मध्ये यायचा. पण त्या ज्या ठिकाणी थांबायच्या त्या ठिकाणी विचार दिसायचा. आता इथून कुठे जायचे, याचा निर्णय होताना आम्हाला ऐकू येत होता. नव्वद वर्षांच्या बाई अजूनही रागाला विचारत होत्या आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे जात नव्हत्या. मग सरगम आली. मी डोळे मिटले. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या सरगमीला मी नावे ठेवली होती ती ऐकायला मी रात्रभर प्रवास करून आले होते.

कार्यक्रम संपल्यावर मुलगा म्हणाला, ‘‘आई, पुढं जाऊन पाया पडून येऊ.’’ माझ्या पिशवीत त्यांना लिहिलेले पत्र होते. त्यात सगळे लिहिले होते, कॅसेटविषयीचे, आईच्या धृपदाचे आणि त्या मुलीचेही. मी गेले नाही. मंचाभोवती गर्दी होती आणि त्या थकलेल्या दिसत होत्या, हे एक कारण. दुसरे खरे कारण असे की पत्रातले शेवटचे काम अजून बाकी होते. पहिल्या पानावरच्या प्रश्नाखालची जागा अजून कोरी होती. उत्तर मला ठाऊक झाले होते, पण मी स्वतः मारूबिहाग सकाळी कधी गायले नव्हते. पाठ केलेली वेळ सुटली नव्हती. वाटले, ते करू आणि मग पत्र पाठवू.

13 जानेवारी 2024, शनिवार. सकाळीच मुलाचा पुण्याहून फोन आला. प्रभाताई गेल्या. वय एक्क्याण्णव, पुण्यात, हृदयविकाराने. त्याच दिवशी मुंबईत त्यांचे गाणे होते असे नंतर वाचले. पत्र माझ्या कपाटात होते. आता ते पाठवायला पत्ता उरला नाही.

संध्याकाळी वर्गात मुली आल्या. त्यांनी बातमी ऐकली होती. एकीने विचारले, ‘‘मॅडम, आज सुट्टी का?’’ मी म्हणाले, सुट्टी नाही, उद्या सकाळी आठला या. दुसऱ्या दिवशी भोगी होती. घरोघरी तिळाच्या भाकरी आणि भोगीच्या भाजीची घाई असते. येतील की नाही ही शंका होती. अकरा जणी आल्या. काहींचे केस ओले होते.

मी पेटीचे झाकण मिटले आणि फक्त तंबोरा लावला. खिडकीतून ऊन आत येत होते, बाहेर कुणीतरी अंगण झाडत होते. मुलींना सांगितले, आज मारूबिहाग. एक मुलगी चटकन म्हणाली, ‘‘पण मॅडम, तो तर रात्रीचा.’’ माझीच शिकवण ती मला परत देत होती. मी म्हणाले, ‘‘हो, आपल्याला रात्रीची सवय आहे. आज सकाळी गाऊन बघू, काय होतं ते.’’

सुरुवातीला सगळ्यांचाच सूर बावरला, माझाही. मग षड्जावरून शुद्ध मध्यम घेऊन गंधारावर आलो. तिथे थांबलो. पुन्हा आलो, वेगळ्या वाटेने. मी मुलींना म्हटले, आता सरगमीत म्हणा, पण प्रत्येकीने ‘ग’ आपापल्या वाटेने आणायचा. अकरा मुलींनी अकरा वेळा तो आणला. काही चुकले, दोन-तीन फार सुंदर आले. ऊन भिंतीवर सरकत होते आणि राग तोच होता, मारूबिहागच होता. रात्रीची आठवण त्यात होती, पण ती आमच्या मनातली होती. सुराने आमच्याकडे वेळ मागितली नाही.

मुली गेल्यावर मी वही उघडली. पहिल्या पानावरची जागा इतकी वर्षे कोरी होती. त्या मुलीचे आता लग्न झाले असेल, कुठे तरी संसार असेल, कदाचित तिच्या घरात आता एकापेक्षा जास्त खोल्या असतील. हे पान ती कधी वाचेल असे नाही. तरी मी लिहिले.

‘गा. काही बिघडत नाही. मी आज गाऊन पाहिला. तुला हे त्याच दिवशी सांगायला हवे होते, मला माहीत नव्हते आणि माहीत नाही असे म्हणायचेही माहीत नव्हते. ते मला प्रभाताईंनी शिकवले.’

खाली तारीख घातली, 14 जानेवारी 2024. मग कपाटातले पत्र काढून त्याच पानाला टाचले आणि वही पुन्हा वर्गात, मुलींच्या हाताला येईल अशी ठेवली.